‘अजून नाही’ म्हणणारं फंक्शन

आत्या,

गेले पंधरा दिवस तुझ्या ओसरीवर माणसं येऊन बसतात आणि जाताना मला हळूच विचारतात, "बुआजी की कोई इच्छा बाकी तो नहीं रह गई?" मी मान हलवून नाही म्हणते. खरं सांगितलं तर त्यांना वाटेल, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. तुझी एक इच्छा राहिली होती. यात्रा, दानधर्म असलं काही नव्हे. मी लिहिलेल्या एका फंक्शननं, वेळ आली की, शांतपणे "अजून नाही" म्हणावं एवढंच तुला हवं होतं. ते मी तीन वर्षं केलं नाही, कारण मला वाटत होतं की तू चुकतेस.

आता कुणाला सांगू की आपण शेवटपर्यंत कशावरून भांडत होतो!

मी धारला तुझ्याकडे आले ती पुण्याची नोकरी सुटल्यावर. आधी देवासला आई-बाबांकडे राहून पाहिलं. आई दर तासाला दाराशी येऊन "काही खाशील का?" विचारायची आणि बाबा न विचारता नुसतेच बघायचे. दोन्ही सोसेना. म्हणून बॅग उचलली आणि इंदूरला बस बदलून तुझ्या दारात उभी राहिले. तू म्हणालीस, "चप्पल तिकडे काढ, पाणी तापलंय." एवढंच. चार दिवस तू मला एक प्रश्न विचारला नाहीस. सकाळी पोहे, दुपारी झोप, संध्याकाळी तलावापर्यंत एक चक्कर. शेजारच्या भाभींनी विचारलं की ही कितने दिन रहेगी, तर तू म्हणालीस, "वो उसका घर है, दिन क्यों गिने?" मी आतून ऐकलं होतं. तुला माहीत नसेल.

पाचव्या दिवशी पदराला चष्मा पुसत तू माझ्या लॅपटॉपसमोर खुर्ची ओढलीस.

"दिवसभर काय लिहितेस ते मला समजाव. मराठीत."

"आत्या, मला मराठीत हे शब्दच येत नाहीत."

"शब्द माझ्याकडे आहेत. तू नुसतं सांग."

माझी शाळा सगळी हिंदीत. घरात मराठी बोलायचं, पण लिहायची वेळ आली की मी पळायची. तुझ्यासमोर पळायला जागा नव्हती. मग मी सांगायला लागले. दोन कंप्यूटरवरच्या दोन प्रोग्रामना एकमेकांना निरोप पाठवायचे असतील तर लागणारा कोड मी लिहून ठेवलाय. त्याला लायब्ररी म्हणतात. सगळ्यांसाठी खुली आहे, कुणीही घ्यावी आणि वापरावी. तिच्यात दोन फंक्शनं महत्त्वाची, म्हणजे एकेक काम नेमून दिलेले कोडचे दोन तुकडे. एकाला विचारलं की ते आपल्या मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता सांगतं. दुसरं एक पोर्ट उघडतं आणि त्यावर ऐकायला बसतं.

"पोर्ट म्हणजे?"

"एकाच मशीनवर पुष्कळ प्रोग्राम चालतात ना. पत्त्यावरून मशीन सापडतं आणि पोर्टच्या नंबरावरून त्यातला नेमका कोण हवाय ते कळतं."

"म्हणजे एक्सटेन्शन."

"हो."

"आणि ऐकायला बसणं म्हणजे त्या एक्सटेन्शनवर माणूस हजर असणं."

"हो, आत्या."

"मग एवढी घाबरवत का होतीस?"

तू टेलिफोन ऑफिसातून रिटायर झालेली. आधी धारच्या एक्सचेंजमधे परगावचे फोन जोडणारी ट्रंक ऑपरेटर, कानाला हेडफोन, हातात तारा. पुढे सगळं आपोआप जोडलं जाऊ लागलं तेव्हा तक्रारींच्या टेबलावर. गल्लीत अजून तुला टेलीफोनवाली मैडम म्हणतात. आम्हा भाचरांना मात्र तुझी नोकरी म्हणजे एक गंमत वाटायची. फोन जोडणं हेही काम असतं होय, असं. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी माझं काम दहा मिनिटांत समजून घेतलं होतं आणि ते तू होतीस.

तुझा पुढचा प्रश्न मला शब्दशः आठवतो. "आणि अजून ऐकायला बसलेलंच नाही, तेवढ्यात कुणी पत्ता विचारला तर?"

"तर पत्ता सांगतं. सेटिंगमधे लिहिलेला असतो ना."

"पण तिथे कुणी बसलेलं नाही."

"म्हणून तर सूचनांमधे लिहिलंय की आधी ऐकणं सुरू करा, ते सुरू झालं की नाही बघा, मग पत्ता विचारा."

"सूचना कोण वाचतं, मिनू?"

मी हसले. तूही हसलीस आणि उठून भाजी फोडणीला घातलीस. मला वाटलं विषय संपला.

तीनेक महिन्यांनी रेखाचा फोन आला. रेखा सतवासची. उदयनगरकडच्या जंगलात एक संस्था बाळंतिणींसाठी जीप चालवते, तिथला कंप्यूटर ती सांभाळायची. पाड्यावरून फोन आला की ती ऑफिसातून निरोप टाकायची आणि जीपमधल्या टॅबलेटवर तो वाजायचा. हे सगळं माझ्या लायब्ररीवर चालत होतं. मला त्याचा अभिमान होता, तुला चारदा सांगून झालं होतं.

फोन तू स्पीकरवर लावायला लावलास. कुणाचाही फोन आला की तू तसंच करायचीस, आणि मी चिडायची.

"दीदी, स्क्रीन पे 'भेज दिया' आ रहा था," रेखा म्हणाली. "मैं बैठी रही कि जीप निकल गई होगी. जीप तो निकली ही नहीं. दो घंटे, दीदी. आखिर में ट्रैक्टर पे लाए उसको."

"बाई कैसी है?"

"ठीक है. बच्चा भी है. पर डॉक्टर बोले, थोड़ी देर और होती तो..."

मी लॅपटॉप उघडला, तिच्याकडून नोंदी मागवल्या आणि अर्ध्या तासात सगळं समोर आलं. जीपमधला टॅबलेट दुपारी बंद पडून परत सुरू झाला होता. आधीचा प्रोग्राम नीट न मिटल्यामुळे पोर्ट अडकून राहिलं होतं, म्हणून नव्याला ऐकायला बसताच आलं नाही. पण पत्ता विचारल्यावर माझ्या फंक्शननं तो बिनदिक्कत सांगून टाकला. ऑफिसातल्या कंप्यूटरनं त्या पत्त्यावर निरोप टाकला आणि "पाठवला" म्हणून मोकळा झाला. निरोप पोचला तिथे ऐकणारं कुणी नव्हतं.

मी रेखाला काय म्हणाले ते तू ऐकलंस. मी म्हणाले, "रेखा, पहले देखना था कि लिसनिंग चालू हुई कि नहीं. डॉक्यूमेंट में साफ लिखा है." ती "जी दीदी" म्हणाली आणि फोन ठेवला.

तू उठून चहा टाकलास. दोन कप घेऊन मागच्या पायरीवर येऊन बसलीस, माझ्या हातात एक दिलास, आणि समोरच्या कढीलिंबाकडे बघत सांगायला लागलीस.

तुझी नोकरी नवी होती तेव्हा. गावातल्या एका डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याची जागा बदलली आणि त्यांना नवा नंबर मिळाला. रजिस्टरात जोडणी दिल्याची खूण होती. तार ओढलेली होती, पण नव्या जागेत फोनचं यंत्र काही बसलेलं नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी बसायचं होतं. त्या दुपारी खेड्यातून एका माणसाचा फोन आला. बायको अडली होती. डॉक्टरीणबाईंना कळवायचं होतं, त्या निघाल्या असत्या. तू नंबर जोडून दिलास. रिंग वाजायला लागली.

"त्याला वाजताना ऐकू येत होतं," तू म्हणालीस. "रिंगचा तो आवाज आमच्या एक्सचेंजमधूनच जायचा. पलीकडे यंत्र असो की नसो. तीन वेळा तो माझ्याकडे परत आला. मैडम, कोई उठाता नहीं. आणि मी काय म्हणाले माहितीय? बज रहा है ना? तो रुको, आएँगी."

"मग?"

"तो थांबला." तू कप खाली ठेवलास. "बाई वाचली. मूल गेलं. मला चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंकडून कळलं. ऑफिसात सगळे म्हणाले, तुमची काय चूक, रजिस्टरात लिहिलेलं होतं. साफ लिहिलेलं होतं. तेव्हापासून कुणी असं म्हणालं ना, लिहिलंय म्हणून, की मला ती रिंग ऐकू येते."

तू मला रागावली नव्हतीस. रागावली असतीस तर मी भांडले असते. मी तशीच बसून राहिले आणि चहावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू बॅग भरून तयार होतीस. "चल."

"कुठे?"

"उदयनगरला. त्या बाईला भेटायला."

मी म्हणाले की रेखाला फोन करून माफी मागते, फंक्शन दुरुस्त करते, तिथे जाऊन काय होणार. तू फक्त वाट बघत दारात उभी राहिलीस. तुझं हे दारात उभं राहणं भारी असायचं, आत्या. बाबा सांगतात, लहानपणी शाळेला दांडी मारायची ठरवली की अक्का अशीच उभी राहायची.

देवासला एक मुक्काम केला. बाबांना काय सांगायचं ते ठरलं नव्हतं, तूच म्हणालीस, "मिनूच्या ऑफिसचं काम आहे." पहाटेच रेखा संस्थेची जीप घेऊन आली. हीच ती जीप. बागलीच्या पुढे सागाचं जंगल लागलं, पानं झडून गेलेली, झाडांतून आरपार दिसत होतं. तू पुढे ड्रायव्हरशेजारी बसून त्याच्या घरची सगळी माहिती काढलीस. मी मागे रेखाशेजारी. तिला मी वाटेतच म्हणाले, "परसों जो बोला, वो गलत बोला." ती म्हणाली, "मैंने भी नहीं पढ़ा था, दीदी. सच में." मग आम्ही दोघी कसनुशा हसलो.

त्या बाईचं, सुमलीबाईचं, घर टेकडीच्या पोटाशी होतं. कुडाच्या भिंती, अंगणात मका वाळत घातलेला. ती खाटेवर बसून मुलीला पाजत होती. मुलगी होती, एवढीशी, डोक्यावर काळं जावळ. तू खाली घोंगडीवर बसलीस, गुडघा दुखत असताना, आणि सरळ म्हणालीस, "ये मेरी भतीजी है. इसके लिखे में गलती थी, इसीलिए गाड़ी नहीं आई. ये खुद बताने आई है."

मला वाटलं जमीन फाटली तर बरं. मी काय बोलले ते नीट आठवत नाही. "माफ करना" एवढं नक्की म्हणाले. पोर्ट, टॅबलेट, काही काही सांगितलं असेन. सुमलीबाईनं सगळं ऐकून घेतलं, आपल्या सासूकडे बघितलं, आणि मग म्हणाली, "गाड़ी तो पहले कभी नहीं आती थी. तब कोई पूछने भी नहीं आता था. एक दिन नहीं आई तो तुम इतनी दूर से आ गईं." आणि पदरात गुंडाळलेली ती पोर तिनं उचलून तुझ्या हातात दिली.

तू तिला कशी धरलीस ते मला अजून दिसतं. दोन्ही हात पुढे करून, कोपरं अंगाशी घट्ट, श्वास रोखून. पोरगी जांभई देऊन झोपली, तरी तू हलली नाहीस. सासूनं गुळाचा काळा चहा दिला तो तुझ्या बाजूला गार झाला. शेवटी रेखा म्हणाली, "बुआजी, निकलना पड़ेगा."

परत येताना तू मागे माझ्याजवळ बसलीस.  बागली जवळ आल्यावर म्हणालीस, "मला त्या गावाचं नाव माहीत होतं, मिनू. तिरल्याच्या पुढे. बस जायची तिथे. मी गेले नाही." मी तुझा हात धरला. तू तो सोडवून घेतला नाहीस, आणि हे तुझ्याबाबतीत केवढं होतं ते बाबाच सांगू शकतील.

त्यानंतर खरं भांडण सुरू झालं.

चूक दुरुस्त करायची यावर आपलं एकमत होतं. ऐकणं सुरू झालेलं नसताना पत्ता द्यायचा नाही. पण मग द्यायचं काय? माझं म्हणणं होतं की अशा वेळी फंक्शननं चूक झाली म्हणून ओरडावं आणि सगळा प्रोग्राम तिथल्या तिथे थांबवावा. त्याशिवाय लोक जागे होत नाहीत. तुझं म्हणणं होतं, ओरडायचं काय कारण? विचारणाऱ्यानं चूक केलेली नाही, त्यानं फक्त लवकर विचारलं. त्याला म्हणायचं, अजून नाही. तो थांबेल आणि परत विचारेल.

"आणि परत नाही विचारलं तर?"

"आणि तुझ्या ओरडण्यानं सगळंच बंद पडलं तर? त्या टॅबलेटवर आणखी चार कामं चालत असतील, त्यांचं काय?"

"बंद पडलेलं दिसतं तरी, आत्या."

"ऑफिसात दिसतं. जीपमधे कोण बघतं?"

असं पंधरा दिवस. स्वयंपाकघरात, तलावावर, दोरीवर कपडे वाळत घालताना. भाभींना वाटायचं आपण वाटणीवरून भांडतोय. एकदा त्या समजूत घालायला आल्या, तेव्हा तू त्यांना सगळं प्रकरण नीट समजावून सांगितलंस आणि विचारलंस, "आप बताओ, किसका सही?" भाभी म्हणाल्या, "बुआजी, मेरे तो कुकर की सीटी हो रही है," आणि गेल्या.

मी माझ्या मताप्रमाणे बदल करून लायब्ररी पुढे सोडली. ओरडणारं फंक्शन. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. भिंतीपलीकडे भाभींना सांगायचीस, "उससे पूछो, चाय लेगी क्या?" आणि भाभी भिंतीवरून मला विचारायच्या. तिसऱ्या दिवशी मी लायब्ररीच्या सूचना मराठीत लिहून तुझ्यासमोर ठेवल्या. माझ्या आयुष्यातलं पहिलं सलग मराठी लिखाण. तू लाल पेन घेतलंस आणि अबोला आपोआप संपला. पानभर ह्रस्वदीर्घ सुधारलेस. "पत्ता मिळवणे" खोडून "पत्ता विचारणे" केलंस. म्हणालीस, "मिळेलच असं नाही ना." सगळ्यात खाली बारीक अक्षरांत तुझी एक टीप होती, "माझे मत वेगळे आहे." ती टीप मी छापली नाही. ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

पुढे मला देवासला घरून करायचं काम मिळालं आणि मी गेले. तू नको म्हणाली नाहीस, हो पण म्हणाली नाहीस. दर रविवारी फोन. हवापाणी, बाबांचा गुडघा, भाभींची सून, आणि शेवटी, "मग? तुझं फंक्शन अजून ओरडतंय?" मी म्हणायची, "ओरडतंय आणि छान चाललंय." तू म्हणायचीस, "बरं." तुझ्या "बरं"मधे किती गोष्टी मावायच्या!

एक गोष्ट मी तुला सांगितली नाही, आत्या. आज सांगते. मागच्या वर्षी रेखाचा फोन आला होता. जीपमधे माझं नवं फंक्शन ओरडायचं, प्रोग्राम थांबायचा, आणि ड्रायव्हर बिचारा टॅबलेट उघडझाप करत बसायचा. मग तिनं स्वतःच्या कोडमधे एक बदल केला. माझं ओरडणं ती मधल्यामधे अडवते आणि ऑफिसला कळवते की जीप अजून ऐकायला बसलेली नाही. ऑफिस ड्रायव्हरच्या मोबाइलवर फोन लावतं, आणि इकडे प्रोग्राम दर थोड्या वेळानं परत विचारत राहतो. म्हणजे तू म्हणत होतीस ते, जसंच्या तसं. रेखा सहज बोलून गेली, "बुआजी वाला तरीका." तुमचं दोघींचं याविषयी कधी आणि काय बोलणं झालं होतं, ते मी विचारलं नाही.

वर्षभर हे मला माहीत होतं. दर रविवारी तू विचारलंस आणि दर रविवारी मी "छान चाललंय" म्हणाले. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. का सांगितलं नाही? हरल्याचं वाईट वाटत होतं म्हणून नव्हे. सांगितलं असतं तर तू "बरं" म्हणाली असतीस आणि भांडण संपलं असतं. मग रविवारी आपण काय बोललो असतो? मला वाटलं, थोडं आणखी चालू दे. दिवाळीला धारला गेल्यावर समोर बसून सांगू, तेव्हा तुझा चेहरा बघू. दिवाळीला गेले तर तू एवढी खुशीत होतीस की मी ते संक्रांतीवर ढकललं.

पुढे तुला दम लागायला लागला. तेही तू कुणाला कळू दिलं नाहीस. भाभींनी फोन केला तेव्हा मी आणि बाबा निघालोच, पण इंदूर ओलांडायच्या आतच त्यांचा दुसरा फोन आला. बाबांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. "अक्का," एवढंच म्हणाले. पुढे गाडी मी चालवली.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवायला वेळ लागत होता. काका-मामा सगळे काही ना काही कबूल करून पाहत होते, घर सांभाळू, तुळशीला पाणी घालू. मी मागे उभी होते. मी मनात म्हणाले, बदलते गं. हसू नकोस, मी खरंच म्हणाले. कावळा त्यानंतर बऱ्याच वेळानं आला, तेव्हा तुझा त्याच्याशी काही संबंध नसावा. पण शब्द दिला तो दिला. दुपारी तुझ्याच टेबलावर लॅपटॉप उघडला. ओरडणारं फंक्शन मी काढलं नाही, कारण काही ठिकाणी ओरडायलाच हवं, हे माझं मत मी सोडलेलं नाही. त्याच्या शेजारी एक दुसरं लिहिलं. त्याला पत्ता विचारला आणि ऐकणं सुरू नसलं, की ते तसं सांगतं आणि गप्प बसतं. सात ओळींचं काम. तीन वर्षं लागली. मराठी सूचनांत तुझ्या अक्षरातली ती टीप आता आहे, तुझ्या नावासकट.

रेखाला कळवलं. तिचं उत्तर आलं की सुमलीबाईची पोरगी आता अंगणभर पळते आणि जीप दिसली की चाकाला हात लावून येते. हेही तुला रविवारी सांगायचं होतं.

आणि तेराव्याचं सांगायचं राहिलं.

पंगत बसायला अवकाश होता. ओसरीवर एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरा झब्बा, हातात काठी आणि घडी केलेलं वर्तमानपत्र. खातेगांवहून एकटेच बसनं आले होते, दोनदा बस बदलून. बाबांनी त्यांना बसवलं, मी पाणी दिलं. ओळख कुणालाच पटेना. त्यांनी वर्तमानपत्र उलगडून तुझी बातमी दाखवली. म्हणाले, "नाम से नहीं पहचाना. नाम तो हमको मालूम ही नहीं था. ये पढ़ा कि टेलीफोन विभाग, धार, तब समझा."

ते देवासच्या एक्सचेंजमधे होते. तिकडची ट्रंक लाइन त्यांच्याकडे, इकडची तुझ्याकडे. सोळा वर्षं. नावं घ्यायची पद्धत नव्हती, गावाच्या नावानं हाक मारायची. तू त्यांना देवास म्हणायचीस आणि ते तुला धार. बोलणं दोन-तीन शब्दांचं, की लगेच लाइन जोडायची. भेट कधीच नाही. रिटायर झाल्यावर ते मुलाकडे खातेगांवला गेले.

मी त्यांना तुझ्या फोटोसमोर नेलं. हार घातलेला, बाबांनी निवडलेला फोटो. ते जवळ गेले, चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं. मग माझ्याकडे वळून अपराध्यासारखे म्हणाले, "बेटा, मैं चेहरे से क्या पहचानूँ? चेहरा तो आज देखा."

मी मग मोबाइल काढला. तुझे व्हॉइस मेसेज आहेत माझ्याकडे, खोडायचं कधी मनात आलं नाही. सगळ्यात वरचा लावला.

"मिनू, देवासहून येताना कुकरची रिंग आण. मोठ्या कुकरची. इथे मिळते ती दोन दिवसांत सैल होते. बाबाला सांग, तेल लावत जा म्हणावं. ठेवते."

ते काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. मराठी त्यांना येत नव्हती. संपल्यावर म्हणाले, "शुरू में क्या बोला उन्होंने? वो एक शब्द?"

"देवास," मी म्हणाले.

"वो फिर से सुनाओ."

मी परत लावला.  आतून कुणीतरी पानं घ्यायची का विचारत होतं. तुझा आवाज परत म्हणाला, मिनू, देवासहून येताना, आणि त्यांनी डोळे मिटले, पाठ सरळ केली, आणि अगदी हळू म्हणाले, "हाँ धार, बोलो."

मी मोबाइल त्यांच्या हातात दिला, परत कसा लावायचा ते दाखवलं, आणि पानं घ्यायला आत गेले. तुमच्या दोघांच्या बोलण्यात मी कशाला?